दुबईतली अठरा मिनिटं

२२ डिसेंबर २०२५, सोमवार. जळगाव

सुनेचा, विधीचा घसा — बरा. मुलाची, तरुणची ॲसिडिटी — तो "काही नाही" म्हणतो, म्हणजे आहे. मननचा खोकला — रात्री एकदाच आला. धुळ्याला लेकीला, चेलनाला फोन लावला. तिच्या सासऱ्यांचं पथ्य चालू, तिची कंबर तशीच. मंदाबाईच्या नातवाला दात येतायत, तो रडतो आणि ही आमच्याकडे भांडी आपटते. सगळ्यांचं विचारून झालं. माझ्या गुडघ्यांना विचारणारं कोणी उरलं नाही म्हणून मीच विचारलं — कसे आहात रे दोघं? दोघंही म्हणाले, आम्हाला दुबईला नेऊ नका.

पण नेणार. चार दिवस. मननला नाताळची सुट्टी आहे, तिथे म्हणे एक पार्क आहे, सगळं छपराखाली, पाळणे न् होड्या न् काय काय. मी म्हटलं, तुम्ही तिघं जा, मी घर बघते. तरुण म्हणाला, "तू नाही तर आम्ही पण नाही, मम्मी." याला प्रेम म्हणावं की दमदाटी? मनन माझ्या तोंडाकडे बघत होता. नातवाचं तोंड पुढे केलं की म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हे तरुणला चांगलं ठाऊक.

मला पाळण्यांची भीती नाही. मला काळजी माझ्या चौविहाराची. सूर्य मावळला की अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही — सकाळी सूर्य उगवून अठ्ठेचाळीस मिनिटं होईपर्यंत. एकोणतीस वर्षं झाली. महासतीजी, आमच्या साध्वी, त्यांच्यापुढे हात जोडून घेतला, त्या जळगावला चातुर्मासाला होत्या तेव्हा. एक दिवस मोडला नाही. तरुणच्या लग्नात वरात उशिरा आली, मी तशीच झोपले. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले घोटभर घ्या, मी म्हटलं सकाळी. हे गेले त्या दिवशी स्मशानातून माणसं परत आली, कोणीतरी पाण्याचा पेला माझ्या हातात दिला. बाहेर अंधार पडला होता. पेला खाली ठेवला. माझ्याजवळ दुसरं काय आहे? शाळा चौथीपर्यंत, बाकी दुकानातल्या पुड्यांचे कागद वाचून जे आलं ते. दागिने सुनेला देऊन टाकले. ही एकच गोष्ट पूर्ण माझी.

आमच्या जैन स्थानकातून, साध्वी उतरतात तिथून, महिन्याचं कार्ड आणलं. रोजचा सूर्योदय, रोजचा सूर्यास्त. २५, २६, २७ — तिन्ही दिवस पाच पंचावन्न.

मंदाबाईला सांगितलं, दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. ती म्हणे, "मंग तठला लोके दीड तास उशिरा मरतस का माय?" मी हसले. पण आतून हसू आलं नाही.

२४ डिसेंबर, बुधवार

रेल्वेत. माझी खाण्याची पिशवी वेगळी — मेथीच्या दशम्या, खाखरे, शेव, सुकी चटणी. विधीनं भरली. न सांगता भरली हे खरं. तोंड बंद ठेवून भरली हेही खरं. तिचं हे न बोलणं मला भांडणापेक्षा जास्त टोचतं.

२५ डिसेंबर, गुरुवार. दुबई

झोप उडालीय. भुकेनं नाही, रागानं.

विमान चारला उडालं. माझ्या मनगटावर पाच पंचावन्न झाले, मी डोळे मिटून पच्चक्खाण घेतलं, म्हणजे खाण्यापिण्याच्या त्यागाचा संकल्प, तोंड बंद. आणि सहाला ती पोरगी गाडी ढकलत जेवण घेऊन आली. जैन जेवण, माझं नाव घालून. मी म्हटलं, नको.

तरुण म्हणाला, "मम्मी, खिडकीत बघ ना. सूर्य समोर बसलाय."

बसला होता. खोटं कशाला बोलू. चांगला लख्ख, हातभर वर. आपण पश्चिमेला पळतोय ना, म्हणून तो मावळतच नाही, असं मनननं मला समजावलं. चौथीतला मुलगा. शाबास. पण मी जळगावातून निघाले, कार्ड जळगावचं, व्रत जळगावचं. सूर्याच्या मागे पळत पळत जेवायचं, याला व्रत म्हणत नाहीत, लबाडी म्हणतात.

तरुण म्हणाला, "नियम काय आहे, सूर्य मावळल्यावर जेवायचं नाही, की कार्ड मावळल्यावर?"

आजूबाजूच्या लोकांनी ऐकलं. विधीनं ओढणी तोंडाला लावली. हसत होती, मला डोळे आहेत.

तो लाल गोळा सात वाजेपर्यंत खिडकीत बसून मला वाकुल्या दाखवत होता, आणि मी उपाशी. सकाळी अकराला चार घास खाल्ले होते, त्यावर काही नाही.

२६ डिसेंबर, शुक्रवार. पहाट

तीनला जाग आली. इथल्या तीनला. शरीराला कोण सांगणार, त्याला साडेचारची सवय. दोन सामायिक केली, जपाच्या दोन बैठका. मग बसून राहिले. सूर्य सातला उगवणार, माझं तोंड सात एकोणपन्नासला उघडणार, म्हणजे माझ्या हिशोबानं सव्वानऊनंतर. पोटात कावळे नाहीत, आता गिधाडं ओरडतायत.

सहाला तरुण उठला आणि काय केलं — मी आंघोळीला गेले तेवढ्यात माझ्या घड्याळाचे काटे फिरवले! न विचारता. यांनी पंचविसाव्या वाढदिवसाला आणलेलं घड्याळ. लग्नाच्या, माझ्या नाही. मी एवढी बोलले की शेजारच्या खोलीतून भिंतीवर ठोकलं कोणीतरी. मग त्यानं काटे परत जळगावला नेले आणि स्वतःचं घड्याळ काढून माझ्या दुसऱ्या हातात बांधलं. आता डाव्या हाताला जळगाव, उजव्या हाताला दुबई.

मनन म्हणाला, "दादी, तू दोन गावात राहते."

त्यावरून आठवलं, बीपीची गोळी. विधी विचारते, "मम्मी, इथल्या आठला देऊ की तिथल्या आठला?" तिथले आठ तर वाजून गेले होते. गोळी घ्यायची खाल्ल्यावर, खायचं नवकारसी, म्हणजे ती अठ्ठेचाळीस मिनिटं, झाल्यावर, नवकारसी इथल्या सूर्यावर. मी म्हटलं, दे इथल्या आठला. तरुण लगेच, "बघ, आलीस ना इथल्या घड्याळावर." मुलगा नाही, वकील जन्माला घातला.

पण एक ठरलं माझ्यापुरतं. इथे आहे तोवर इथला सूर्य.

नाश्त्याला मनन पोहे समोर असताना खुर्चीतच झोपला. रात्री दहापर्यंत जागा होता — त्याच्या अंगाच्या साडेअकरापर्यंत. सगळ्यांचे डोळे लाल, सगळे एकमेकांवर खेकसतात. शरीराला इथे बसवायला चार दिवस लागणार, आणि आम्ही आलोच चार दिवसांसाठी. कोणी सांगितलं होतं?

२६ डिसेंबर. संध्याकाळी, खोलीत

पार्क पाहिला. आत रात्र-दिवस काही नाही. वर छपरालाच आकाश रंगवलंय, निळं, ढगांसकट. मला वाटलं होतं, डोकं दुखेल. पण काय सांगू.

मननचे पाळणे तरुणला झेपेनात, त्याला चक्कर येते. विधी पिशव्या सांभाळत होती. मनन माझा पदर ओढत राहिला. शेवटी बसले त्या गाडीत. छातीवर लोखंडी दांडा. वर चढली, चढली, आणि मग सोडली. मी मोठ्यांदा नवकार मंत्र म्हणायला लागले. पहिल्या ओळीच्या पुढे जाताच येईना, परत पहिलीच ओळ! उतरले तेव्हा पदर मानेला गुंडाळलेला, केस सुटलेले. मनन जमिनीवर बसून हसत होता. आणि मीसुद्धा. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. असं केव्हा हसले होते? मग म्हटलं, चल, अजून एकदा. तीनदा बसले. एकाहत्तराव्या वर्षी.

जेवण वेळेत झालं, आत पार्कातच. विधीनं फोनमध्ये बघून सांगितलं, सूर्यास्त पाच पंचावन्न. साडेपाचला पिशवी उघडली, दुबईच्या घड्याळावर पाच पंचावन्नला शेवटचा घोट.

पाय दुखतायत. बाकी उद्या.

२७ डिसेंबर, शनिवार

मोडला.

एकोणतीस वर्षांचा चौविहार मोडला. सुनेनं मोडला.

सकाळी नाश्त्याला बसलो. मी ताट पुढे घेऊन हात जोडून घड्याळाकडे बघत होते. शेजारच्या टेबलावर एक गुजराती आजीबाई, त्याही तशाच. ताट पुढे, हात मांडीवर. दोघींनी एकमेकींना ओळखलं. सात एकोणपन्नासला दोघींनी एकदम घास उचलला. राजकोटच्या. मुलाबरोबर येतात दरवर्षी. बोलता बोलता म्हणाल्या, काल तर सूर्य लवकर गेला बाई, पाच सदतीसलाच. मी म्हटलं, पाच पंचावन्न. त्यांनी पर्समधून इथल्या जैन संघाचा छापील कागद काढला. पाच सदतीस.

घास माझ्या तोंडात फिरायला लागला.

वर खोलीत आले. विधीला म्हटलं, दाखव फोन. तिनं उघडला. वर बारीक अक्षरात लिहिलेलं — जळगाव. फोन जळगावचा सूर्य दाखवत होता आणि हिनं तो मला दुबईत वाढला! तिचा चेहरा पांढरा पडला. "मम्मी, मी गावाचं नाव बघितलंच नाही. चुकलं माझं."

चुकलं! दूध उतू गेलं तर चुकलं म्हणतात.

तरुण मध्ये पडला. "अठरा मिनिटं, मम्मी. अठरा मिनिटांनी कोणता धर्म बुडतो?" आणि वर हे — "विमानात सूर्य होता, तर तुला कार्ड पाहिजे होतं. काल कार्ड होतं, तर आता तुला सूर्य पाहिजे."

मी म्हटलं, मला काय माहीत? आत सूर्य कुठे होता? आकाश कुठे होतं? रंगवलेलं आकाश! मी तुमच्या फोनवर विश्वास ठेवला.

विधी हळूच म्हणाली, "चौदा वर्षं मी पाचला गॅस पेटवते, मम्मी. माहेरी आम्ही नऊला जेवायचो. चौदा वर्षांत एकदा उशीर झाला नाही. एकदा चुकले."

मी म्हटलं, "हात लावलास. मन कधी लावलं नाहीस."

तिनं माझं अंथरूण नीट केलं. नेहमीसारखं.

तरुण मननला घेऊन पार्कात गेला. माझं डोकं गरगरत होतं म्हणून मी नाही. विधीही नाही गेली. दोन पलंगांवर दोघी दिवसभर, भिंतीकडे तोंड करून. दुपारी तिनं चहा ठेवला माझ्याजवळ. मी घेतला नाही. गार झाला, तिनं उचलून नेला.

२८ डिसेंबर, रविवार. विमानात

परतीला सूर्य उलटा पळतोय, घाईघाईत. मी तीनलाच जेवून घेतलं. कोणाला वेळ विचारली नाही. विचारणारही नाही.

२९ डिसेंबर, सोमवार. जळगाव

स्थानकात गेले. बायका विचारायला लागल्या, कशी झाली दुबई? मी म्हटलं, दुबई चांगली झाली, माझं एकोणतीस वर्षांचं मातीत गेलं. सगळं सांगितलं. फोन, जळगाव, अठरा मिनिटं. दिपमाला म्हणाली, "तरुण पिढीला कदर नसते, कुसुमबाई. आपला जीव जातो, त्यांचा खेळ होतो." दुसरी म्हणाली, "मुद्दाम तर नसेल केलं?" मी म्हटलं, आता कोणाच्या मनात मी काय शिरू.

नाही म्हणायला हवं होतं तिथे. नाही म्हटलं नाही.

सगळ्या माझा हात धरून होत्या. बरं वाटलं. कोणीतरी माझ्या बाजूनं होतं. आणि मागे वळले तर विधी जिन्यात उभी. मला घ्यायला आली होती, गुडघ्यांमुळे. तिनं ऐकलं. जिना उतरताना माझा दंड धरला तिनं, घट्ट, पडू नये म्हणून. 

मंदाबाईनं रात्रीची भांडी घासता घासता विचारलं, "काय व्हयनं माय, बठ्ठं घर मुकं का शे?" सगळं घर गप्प का, ते मी तिलाही सांगितलं.

महासतीजी सध्या पाचोऱ्याला आहेत. त्यांना लिहून प्रायश्चित्त मागायचं आहे. त्यांच्याकडे फोन नसतो, पत्रच लागतं. तीनदा लिहायला बसले. "सुनेच्या चुकीमुळे" इथपर्यंत येते आणि पेन थांबतं. रागानंच थांबत असेल.

३० डिसेंबर, मंगळवार

सामायिकाला डोळा उघडला तर साडेसहा! चार दिवसांत शरीर दुबईचं झालं, आता जळगावचं होईना. कोणी उठवलं नाही मला. हेही मीच बघायचं?

३१ डिसेंबर, बुधवार

विधीनं पाचला गॅस पेटवला. पाच वाजून पंधरा मिनिटांनी ताट. कढी, खिचडी, पापड. मी निम्मं ठेवलं. ती म्हणाली, "कढीत मीठ कमी आहे का?" मी म्हटलं, नाही. बरोबर होतं मीठ. सगळं बरोबर होतं. त्याचाच राग आला.

उद्या धुळ्याला जाते. लेकीकडे तरी कोणी मला अठरा मिनिटं सांगणार नाही.

१ जानेवारी २०२६, गुरुवार. धुळे

सकाळच्या एसटीनं आले. तरुण म्हणाला, "गाडीनं सोडतो." मी म्हटलं, एसटीला वेळापत्रक असतं, तुम्हाला नाही. पारोळ्यापर्यंत त्या वाक्यावर खूश होते. त्यापुढे तेच वाक्य नकोसं झालं.

चेलनानं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही बोलली नाही. तिला माहीत आहे मला मध्ये बोललेलं चालत नाही. सगळं झाल्यावर शेंगा सोलता सोलता म्हणते, "पण मम्मी, तुला अंदाज नाही आला?"

"कसला?"

"सूर्याचा. तू तर स्वयंपाकघरात पाठमोरी बसून सांगायचीस, आता मावळला म्हणून. आम्ही गच्चीवर जाऊन बघायचो, बरोबर निघायचं. पप्पा म्हणायचे, हिच्या पाठीला डोळे आहेत."

मी तिच्यावर इतकी ओरडले की तिचे सासरे बाहेर आले. मी म्हटलं, बंद पेटीत घातलं होतं मला, चारी बाजूनं भिंती, वर रंग! पाठीला डोळे असते तरी काय दिसणार होतं? तुम्ही सगळे एका माळेचे.

ती म्हणाली, "बरं मम्मी." आणि शेंगा सोलत राहिली.

बरं मम्मी म्हणण्याची ही रीत मला ठाऊक आहे. लहानपणी माझी चूक असली की असंच म्हणायची.

२ जानेवारी, शुक्रवार. धुळे

तरुणचा फोन. विधीनं काल सकाळी स्थानकात जाऊन तेला घेतला. तीन दिवसांचा उपवास, दिवसा फक्त उकळलेलं पाणी, सूर्य मावळला की तेही नाही. जिनं आजवर एक वेळचं जेवण सोडलं नाही तिनं.

"का?" मी विचारलं.

"तुझ्या अठरा मिनिटांचं प्रायश्चित्त. मी नको म्हटलं. ऐकत नाही." मग म्हणाला, "स्थानकात बायका तिच्याकडे कशा बघतात, तू बघितलंयस का मम्मी? तिनं पच्चक्खाण मागितलं तर मागून कोणी म्हणालं, आता उशीर झाला."

मी फोन ठेवला. नाटक, म्हटलं. चेलनाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं. माझं व्रत, माझं प्रायश्चित्त, ही कोण मध्ये घेणारी? जे माझं होतं ते मोडलं, आता मोडल्याचं दुःखही हिलाच पाहिजे?

जेवले नाही. जेवता आलं नाही.

३ जानेवारी, शनिवार. जळगाव

पहिल्या एसटीनं परत. मंदाबाईनं दार उघडलं. एरवी ती बोलायची थांबत नाही. आज म्हणाली, "आंदरमा शे." आणि निघून गेली.

विधी पलंगावर. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले. मला बघून उठायला गेली, भिंत धरली. मी म्हटलं, पड. ती म्हणाली, "मम्मी, चेलनाताईंची कंबर कशी आहे?"

 मी म्हटलं, बरी आहे.

मनन खाली रंगवत बसला होता. म्हणाला, "दादी, मम्मीला सकाळी चक्कर आली. पप्पा म्हणाले सोड, ती नाही सोडत." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू रागावणं सोडलं की ती सोडेल का?"

विधीनं त्याला गप्प केलं.

संध्याकाळी तिच्याजवळ बसले. पाणी उकळून गार केलेलं, पेला उशाशी. खिडकी तिच्या पाठीमागे. ती म्हणाली, "मम्मी, अजून पाणी घेता येईल का? किती वेळ आहे?"

फोन तिच्या हाताशी पडला होता. तिनं तो बघितला नाही. मला विचारलं.

मी खिडकीबाहेर पाहिलं. शेजारच्या टाकीवर ऊन होतं अजून, पिवळं, उतरणीला लागलेलं. घड्याळ बघायची मला गरजच नव्हती. म्हटलं, "घे. अजून पंधरा-सोळा मिनिटं आहेत. सावकाश घे."

ती प्यायली. पूर्ण विश्वासानं प्यायली. पेला मला परत दिला, आणि मी सांगितलेल्या वेळेवर डोळे मिटून हात जोडले.

मी स्वयंपाकघरात येऊन ओट्याला धरून उभी राहिले. 

४ जानेवारी, रविवार. सकाळी सात

पत्र आधी इथे लिहिते, मग कागदावर उतरवीन. आज पेन थांबायला नको.

पूज्य महासतीजी, कुसुमलताची वंदना. माझा चौविहार सुनेनं मोडला नाही. त्या दिवशी पाणी पिण्याआधी मी मननचे हात धुवायला पार्कच्या दाराजवळच्या नळावर गेले होते. दार काचेचं होतं. बाहेर सूर्य मावळून गेला होता, अंधारत होतं, रस्त्यावर दिवे लागले होते. मी पाहिलं. मी परत येऊन बसले, कोणाला काही बोलले नाही, आणि पेलाभर पाणी प्यायले. खूप तहान लागली होती, मी खूप हसले होते, मला तो दिवस इतक्यात संपायला नको होता. विधीनं सांगितलेली वेळ माझ्या हाताशी होती, ती मी पुढे केली. नऊ दिवस पुढे करत आले.

तिच्या तेल्याचं पारणं सात बावन्नला आहे. पहिला घोट माझ्या हातून घ्यायचा म्हणते. त्याआधी मी तिला हे सांगणार. पारणं झाल्यावर स्थानकात, त्या सगळ्यांसमोर. माझं प्रायश्चित्त काय, ते आपण ठरवाल. तिचं मी कसं फेडू, तेवढं कळवा. उत्तराला उशीर करू नका.

सात चाळीस झाले. उठते.